आत्यांचा ब्रेक

"दाबा… धरा… धरून ठेवा… सोडा!"

गाडीखालून दस्तगीर मिस्त्रींचा आवाज येत होता आणि वर ड्रायव्हरच्या सीटवर, आयुष्यात पहिल्यांदाच, माझ्या सासूबाई, आमच्या आत्या, बसल्या होत्या. पदर खोचलेला, चपला दाराशी काढून ठेवलेल्या आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं आवळलेलं, की गाडी उधळून उद्यमनगरातून थेट रंकाळ्यात जाईल की काय अशी त्यांना भीती असावी.

"वैनी, एवढ्या जोरात नगं. हळू दाबा."

"हळू दाबून गाडी थांबती व्हय?"

"गाडी उभीच हाय, वैनी. चाकं बी काढल्यात."

"तरीपण," आत्या म्हणाल्या आणि पुन्हा खच्चून पाय दाबला.

आबा भिंतीला टेकून उभे होते. हसून हसून त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता. "दाबू दे रे तिला, दस्तगीर. लग्न झाल्यापासून सराव करतीय. पेडल तेवढं आज मिळालंय!"

आबा म्हणजे माझे सासरे, आनंदराव सरनोबत. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून सगळी नोकरी काढलेले. घरात सगळेच त्यांना आबा म्हणत, मीही म्हणायची. सासूबाईंना मात्र आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्या. मी लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आमचे हे पुण्याला नोकरीला, शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. त्यामुळे माझा खरा संसार चालला होता तो या दोघांशी आणि त्यांच्या मोतिया रंगाच्या फियाटशी.

आबा जे सरावाबद्दल म्हणाले ते खरंच होतं. आत्या गाडीत आबांच्या शेजारी बसल्या की त्यांचा उजवा पाय पुढं सरकून तयारीत राहायचा. समोर म्हैस दिसली की पाय दाबला. वळण आलं की दाबला. सायकलवाला, लाल दिवा, रस्त्यावर उडत आलेली कागदाची पिशवी, काहीही चालायचं. त्यांच्या बाजूच्या रबरी मॅटला टाचेएवढी खोलगट जागा पडली होती आणि पाय बसला की धप्प आवाज व्हायचा. मी मागच्या सीटवर बसून तोंडाला पदर लावून हसायची. आबा उघड हसायचे. "गाडी मी चालवतो आणि थांबवते ही," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

पण त्या वर्षी हसण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. आधी गाडीनं आमच्याच फाटकाचा खांब घासला. मग शेजारच्या मगदूमांच्या लुनाला लोळवलं. मग मंडईजवळ एका मावशींची टोमॅटोची पाटी उलथली. बाईंनी आबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि आबा खाली बसून एकेक टोमॅटो पुसून पाटीत ठेवत राहिले. एका शनिवारी ह्यांनी मडगार्डचा चेपलेला पत्रा पाहिला आणि सरळ विचारलं, "आबा, तुम्हाला दिसलं नाही का?"

आबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हातात उलथनं घेऊनच आत्या बाहेर आल्या.

"दिसलं नाही कसं? चांगलं दिसलं. ब्रेक लागंना झालाय गाडीचा. म्हातारी झालीय ती. ह्यांनी दाबला की नंतर कवातरी लागतोय."

"ब्रेकच," आबा लगेच म्हणाले. "मीही तेच म्हणत होतो."

ते काही म्हणत नव्हते. पण ह्यांनी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, "आणखी एकदा जरी कुठं लागली, तर गाडी विकायची. मी सांगून ठेवतोय."

आबा त्या दिवशी जेवले नाहीत नीट. गाडी गेली तर त्या माणसाचं काय होईल, ते मलाही कळत होतं. रोज सकाळी तिला पुसायचे, काही काम नसताना तिच्यातून तेल आणायला जायचे, मित्रांना स्टेशनवर सोडायचे. निवृत्त झाल्यावर माणसाला कुणीतरी बोलवावं लागतं, आणि आबांना लोक गाडीसकट बोलवायचे.

आणि जत्रा तोंडावर आली होती. आत्यांचं माहेर घाटाखाली, वैभववाडीच्या पुढं. मार्गशीर्षात गावच्या देवीची जत्रा. लग्न झाल्यापासून देवीची ओटी भरायला आत्या एकदाही चुकल्या नव्हत्या, आणि ही फियाट आल्यापासून आबाच त्यांना करूळचा घाट उतरवून न्यायचे.

"ब्रेक बदला," आत्यांनी रविवारी जाहीर केलं. "त्याशिवाय मी घाट उतरायची नाही. आणि जत्रा चुकली तर पाप तुमच्या माथ्यावर."

मला वाटलं आबा चिडतील. पण ते तडक उठले, शर्ट घातला आणि दस्तगीर मिस्त्रींकडं गेले.

ते आठ-दहा दिवस आठवले की अजून मला उद्यमनगरातला लेथचा वास येतो, तापलेल्या लोखंडाचा आणि साबणपाण्याचा. फियाटला चारी चाकांना जुन्या पद्धतीचे, ड्रमचे ब्रेक. मिस्त्रींच्या शेडमध्ये मागून चेपलेली एक ११८ एनई पडून होती. गाडी मोठी, नवी, आणि तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. ते काढून फियाटला बसवायचे, असं दोघांनी ठरवलं.

"म्हंजे काय असतं ते?" आत्यांनी विचारलं होतं.

"परात फिरतीया असं समजा, वैनी," मिस्त्री म्हणाले. "तिची कड दोन्हीकडनं चिमट्यात धरायची. जाईल कुठं?"

सांगायला सोपं होतं. प्रत्यक्षात एकाचं दुसऱ्याला बसेना. चाकाच्या मधला हब बदलला तर चिमटा बसवायला जागा नाही. त्यासाठी लोखंडी पट्टी कापून तासून घेतली तर चाक आत घासायला लागलं. मग मिस्त्रींनी लेथवर एक पातळ चकती करून मध्ये घातली. आबा रोज सकाळी डबा घेऊन शेडमध्ये जायचे. दोघं म्हातारे जमिनीवर खडूनं चित्रं काढत बसायचे, भांडायचे, पुसायचे, परत काढायचे. संध्याकाळी आबा काळ्या हातांनी घरी यायचे आणि जेवताना मला सगळं समजावून सांगायचे. माझ्या माहेरी उसाच्या कामाला जीप होती आणि ती मी चालवलेली होती, म्हणून माझ्याशी बोलायला त्यांना विशेष आवडायचं. गाडीची किल्ली मात्र त्यांनी मला कधी दिली नव्हती. स्वतःच्या मुलालासुद्धा दिली नव्हती. त्याला शिकवताना एवढे ओरडले होते, की त्यानं नाद सोडून स्कूटर घेतली.

जेवताना एक गोष्ट मात्र माझ्या मनाला लागायची. आबा अधूनमधून म्हणायचे, "वैजू, मीठ वाढायला विसरलीस गं." मी विसरलेली नसायची. ताटात डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी सगळं असायचं. पण नवी सून सासऱ्यांना काय सांगणार? मी काही बोलायच्या आत आत्या पुढं वाकून ताट जरासं फिरवायच्या आणि म्हणायच्या, "हे काय वाढलंय. जेवा." मला वाटायचं, माझी वाढण्याची पद्धतच इथं चालत नाही.

तर शेवटी ब्रेक बसले. नळ्यांतली हवा काढायला पेडल दाबणारं कुणीतरी हवं होतं, मिस्त्रींचा कामगार नेमका लग्नाला गेलेला. आबा दाबायला निघाले तर आत्या म्हणाल्या, "मी दाबते." सुरुवातीला सांगितली ती गंमत त्या दिवसाची. बाटलीतल्या तेलातले बुडबुडे बंद झाले तेव्हा मिस्त्री गाडीखालून बाहेर आले आणि म्हणाले, "वैनी, उद्यापासनं कामाला या."

निघताना त्यांनी जुने ब्रेक गोणपाटात बांधून माझ्याकडं दिले. "ताई, ह्ये टाकू नगा. जपून ठेवा. अजून लई चालतील."

"मग बदलले कशाला?"

मिस्त्रींनी आत्यांकडं पाहिलं. आत्या चपला घालण्यात गुंतल्या होत्या. "मोठ्या माणसांची हौस," ते म्हणाले आणि हात पुसायला गेले.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. आबा, आत्या आणि मागं मी, ओटीच्या पिशवीसकट. आबांनी वाटेत कितीदा तरी उगाचच ब्रेक लावून दाखवला. गगनबावड्याला धुकं होतं. टपरीवर चहा घेतला, धुकं विरेपर्यंत थांबलो आणि घाटाला लागलो.

"बघितलंस?" आबा खुशीत होते. "नुसता अंगठा टेकवला तरी धरतोय. पूर्वी इथं उभं राहून दाबायला लागायचा."

"बघा की समोर," आत्या म्हणाल्या. धप्प. त्यांचा पाय चालूच होता.

"आत्या, आता तरी पाय आवरा," मी मागून हसत म्हणाले. "ब्रेक नवे आहेत."

"सवय गं."

आबांनी गाडी जरा हळू केली. "अगं, खरंच. आज पाय वर घे. मांडी घालून बस. तुझ्या पायाला आज सुट्टी."

"नको. असूदे."

"घे म्हणतो ना. एवढी मेहनत केली ती कशाला? तुझा विश्वास नाही का माझ्यावर?"

आता यावर बाई काय बोलणार? आत्यांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, मग पाय वर घेतले आणि मांडी घातली. गाडीत एकदम शांतता झाली. धप्प नाही की काही नाही. मी मागून पाहत होते. मांडी घालून बसलेलं माणूस सैल बसतं. आत्या ताठ होत्या, डोळे डावीकडच्या कडेला लावलेले आणि हाताची मूठ गुडघ्यावर.

एक वळण गेलं. दुसरं गेलं. आबा गुणगुणायला लागले.

तिसऱ्या वळणावर डाव्या बाजूच्या पायवाटेवरून एक म्हातारी डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन रस्त्यावर उतरत होती. मला मागून ती स्वच्छ दिसली. वाटलं, आबा आता गाडी हळू करतील. गाडी हळू झाली नाही. आबा गुणगुणतच होते.

"देवा म्हाराजा!" आत्या ओरडल्या आणि त्यांचा तळवा डॅशबोर्डवर फाडकन बसला.

आबांनी ब्रेक दाबला. मी पुढच्या सीटवर आदळले, ओटीचा नारळ गडगडत आत्यांच्या सीटखाली गेला. गाडी जागच्या जागी रुतल्यासारखी थांबली. म्हातारीच्या लुगड्यात आणि आमच्या मडगार्डात वीतभर अंतर होतं. जुने ब्रेक असते तर उतारावर ते अंतर राहिलं नसतं, हे मला तेव्हाही कळलं.

म्हातारीनं भारा सावरला, खिडकीशी आली आणि आबांकडं बघून म्हणाली, "दिसना नाय काय तुमका?"

आमच्या घरात जो प्रश्न ह्यांनी एकदाच विचारला होता, तोच. आबांचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. त्यांनी मान पुरती वळवली तेव्हा कुठं ती म्हातारी त्यांना दिसली. ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं.

आत्यांनी घाईघाईनं काच खाली केली. घाबरल्या की त्यांच्या तोंडून माहेरची बोली यायची. "बाये, दिसलंस म्हणान तर थांबलो. बिरेक नवो आसा, जरा उशिरान लागता."

"मगे जुनोच बरो होतो काय!" म्हातारी म्हणाली आणि फणकाऱ्यानं निघून गेली.

आबांनी गाडी कडेला घेतली. उतरले. पुढच्या दोन्ही चाकांशी उकिडवे बसले, हात जवळ नेऊन ऊब बघितली. आत्या आणि मी एकमेकींकडं न बघता बसून होतो. मग ते माझ्या दाराशी आले.

"दस्तगीरनं काम झकास केलंय," ते म्हणाले. "वैजू, उतर. तू चालव."

"मी? आबा, घाटात?"

"जीप चालवायचीस ना? मग? चालवणाऱ्याला ब्रेकचं काही कळत नाही. शेजारी बसल्यावर खरी परीक्षा. मला शेजारी बसून बघायचंय." त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. किल्ली गरम होती आणि त्यांचा हात गार.

आत्या मागं गेल्या. आबा डाव्या सीटवर बसले. देवाचं नाव घेऊन मी गाडी सुरू केली. पहिल्याच वळणावर माझ्या शेजारून आवाज आला. धप्प. आबांचा पाय मॅटच्या त्याच खोलगट जागेत बसला होता. मी आरशात पाहिलं. आत्यांनी तोंडाला पदर लावला होता. मला वाटलं हसतायत. हसत होत्याही, पण डोळे पुसत होत्या.

त्यानंतर आबांनी ती गाडी कधी चालवली नाही. "ब्रेकची परीक्षा अजून चालू आहे," असं सगळ्यांना सांगत. ह्यांनी गाडी विकायचा विषय परत काढला नाही, कारण आता ती कुठं घासायची नाही. मी आबांना बँकेत न्यायची, मित्रांकडं न्यायची, आणि कोण चालवतंय म्हणून कुणी चेष्टा केली की ते म्हणायचे, "माझी ड्रायव्हर आहे. सरनोबतांची सून."

त्याच जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, माहेरच्या परड्यात आत्या ओले कपडे वाळत घालत होत्या. मी पिळून देत होते. त्या एकदम म्हणाल्या, "जुन्या ब्रेकला काही झालं नव्हतं, वैजू."

मी हातातलं धोतर तसंच धरून उभी राहिले.

"डाव्या अंगाचं त्यांना दिसत नाही. दोन वर्षं झाली. मिरजेच्या डॉक्टरांकडं गुपचूप जाऊन आले. काचबिंदू. चिठ्ठी मला सापडली, ती दाखवून मी दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं. गेलेलं परत येत नाही म्हणाले. औषधाचे थेंब कोटाच्या खिशात लपवतात. मला आधी ताटावरून कळलं. डावीकडचं मीठ दिसायचं नाही. तुझ्या वाढण्यात चूक नव्हती गं पोरी."

"मग गाडी कशी चालवायचे?"

"मी होते की शेजारी. डावीकडं काही आलं की पाय आपटायचा. आवाज झाला की ते ब्रेक दाबायचे. आधी भीतीनं आपटायची, मग कामासाठी आपटायला लागले. त्यांना वाटतं माझी ती जुनीच खोड आहे." त्यांनी दोरीवरचं लुगडं नीट केलं. "माझा आवाज पोचायला आणि त्यांनी दाबायला वेळ लागतो. म्हटलं, ब्रेक तरी चांगले असूदेत. तू त्यांना सांगू नकोस हं, मला माहीत आहे म्हणून. फार मानी माणूस आहे."

मी शब्द दिला.

त्यालाही बरीच वर्षं झाली. एका संध्याकाळी आत्या देवळात गेल्या होत्या. मी अंगणात गाडीचं बॉनेट उघडून ब्रेकचं तेल बघत होते आणि आबा खुर्चीवर बसले होते. आता त्यांना उजव्या डोळ्यानंही बेताचंच दिसायचं.

"ते जुने ब्रेक कुठं आहेत गं?"

"माळ्यावर आहेत. गोणपाटात."

"चांगले होते ते. दस्तगीर पहिल्याच दिवशी म्हणाला होता, आबासाहेब, ह्याला कायबी झालं नाय."

मी बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं. "मग बदलले का, आबा?"

"पोरासमोर ती म्हणाली ना, ब्रेकचा दोष आहे म्हणून. माझ्यासाठी खोटं बोलली बिचारी. तिचा शब्द खाली कसा पडू द्यायचा? आणि ती पाय आपटते ते कशासाठी, ते मला कळत नव्हतं असं वाटलं का तुला?"

"मग त्या दिवशी घाटात त्यांना पाय वर घ्यायला का सांगितलंत?"

"बघायचं होतं. तिच्या पायाशिवाय मला किती दिसतंय ते. ब्रेक नवे होते म्हणून तेवढं धाडस केलं. करायला नको होतं." त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत घातला. "ती बाई मला दिसलीच नाही, वैजू. त्यापूर्वी दोन वर्षं मला वाटत होतं, मीच चालवतोय."

मी बॉनेट बंद केलं.

"हिला सांगू नकोस हं," ते म्हणाले. "तिला वाटतं मला काही माहीत नाही. असूदे तसंच."

तोही शब्द मी दिला.

रात्री मी ताटं वाढली. इतक्या वर्षांत आबांच्या ताटात मी मीठ उजवीकडं वाढायला कधीच लागले होते. त्या दिवशी मन ठिकाणावर नव्हतं, हात सवयीनं डावीकडं गेला. माझ्या लक्षात यायच्या आधी आत्या वाकल्या आणि त्यांनी ताट अलगद फिरवलं. आबांनी चिमूटभर मीठ घेऊन भाजीवर टाकलं.

"आज मीठ बरोबर वाढलंस हं, वैजू," ते म्हणाले.

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं, गप्प राहा म्हणून. आबांनीही पाहिलं, तसंच. मी दोघांकडंही न बघता म्हणाले, "भाकरी वाढू?"